चाकाचे नट आवळताना

पंक्चर झालं, स्टेपनी चढवली, आता राहिले नट. घाई नडते ती इथेच.

नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून सगळे नट आधी हातानेच फिरवा. नट अडला तर पान्याचा जोर लावू नका, आटे जातील. मग पान्याने हलके आवळा, जॅक उतरवा आणि चाक जमिनीला टेकल्यावर पक्के करा. पाच नट असतील तर एक सोडून एक, चांदणी काढतो तसे. त्यामुळे चाक हबवर सगळीकडून सारखं बसतं.

पान्यावर उभं राहू नका. बऱ्याच छोट्या गाड्यांना सुमारे १०० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २५ किलोचा भार. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आट्यांना ग्रीस लावलं, तर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

लॉकिंग नटवर हवेची गन चालवू देऊ नका, खास चावीच्या खाचा तुटतात. काम झाल्यावर ती चावी आठवणीने परत घ्या. आणि ५० ते १०० किलोमीटर गाडी चालली, की सगळे नट पुन्हा एकदा तपासा.