संगणकातला सातबारा

जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या माथ्यालगत घाटघर नावाचं गाव आहे. तिथल्या एखाद्या भातखाचराचा सातबारा पाहिला तर त्यावर गट क्रमांक, खातेदाराचं नाव आणि क्षेत्र असतंच. शिवाय पोटखराबा किती, इतर हक्कांत कुणाचा बोजा आहे, हेही असतं. जमीन कुठे आहे एवढं कळून भागत नाही, तिच्यावर कुणाचा काय हक्क आहे तेही नोंदावं लागतं. संगणकाच्या पोटातही असाच एक सातबारा असतो. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

संगणकाची मेमरी लहान लहान पानांत विभागलेली असते. एक पान बहुधा ४०९६ बाइटचं. म्हणजे ४ जीबी मेमरीत सुमारे साडेदहा लाख पानं झाली. कोणतं पान कुठे आहे हे ज्या वहीत लिहितात तिला पेज टेबल म्हणतात. पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स प्रोसेसरची, म्हणजे जीपीयूची, अशी स्वतंत्र वही असते. ती लिहिण्याचं काम ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम करतो. तो या गावचा तलाठी, किंवा आताच्या भाषेत ग्राम महसूल अधिकारी!

हा ड्रायव्हर पत्त्याबरोबर आणखी काही खुणा करतो. लिनक्समधल्या एएमडीच्या ड्रायव्हरचंच बघा. पान वैध आहे का, ते मुख्य मेमरीत आहे का, ते वाचता येईल का, त्यावर लिहिता येईल का, अशा प्रत्येक प्रश्नासाठी एकेक बिट राखलेला आहे. लिहिण्याची परवानगी चुकून दिली गेली, तर एका प्रोग्रामनं दुसऱ्याचा बांध कोरलाच म्हणून समजा.

यातली एक खूण फार नाजूक आहे. तिचं नाव स्नूप. मुख्य प्रोसेसर नेहमी लागणारे आकडे स्वतःजवळच्या कॅशमध्ये ठेवतो. दुकानदार उधारी आधी खिशातल्या चिठ्ठीवर टिपतो आणि मागाहून खातेवहीत चढवतो, तसंच हे. आता जीपीयूनं नुसती खातेवही वाचली, तर त्याला जुनाच आकडा मिळणार. स्नूपची खूण सांगते, ‘आधी खिशातली चिठ्ठी बघ.’ मग ही खूण सगळीकडेच का करत नाहीत? कारण दर वेळी विचारपूस करायची तर वेळ जातो.

पडद्याकडे जाणाऱ्या चित्रासाठी वेगळी सोय असते. घाटघरहून एकेका पोत्यासाठी कुणी जीप पाठवत नाही. ती भरली की निघते. तसे छोटे छोटे आकडे साठवून एकदम पाठवले जातात. पण यंत्राला हुकूम द्यायचा असेल तर तो तत्काळ आणि क्रमानंच पोचला पाहिजे. तिथे साठवण चालत नाही.

नोंद बदलली की आणखी एक काम उरतं. फेरफार मंजूर झाला तरी जुना उतारा कुणाच्या हातात राहिला तर घोटाळा होतोच. जीपीयूही अलीकडे पाहिलेल्या नोंदींच्या प्रती जवळ बाळगतो. त्या प्रती रद्द करण्याचा आदेश ड्रायव्हरला द्यावाच लागतो.

एवढ्या बारकाव्याचं महत्त्व काय, असं कुणी विचारील. पुण्याच्या सी-डॅकमध्ये जीपीयूंवर उभा राहिलेला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ६३वा होता. जीपीयूंवर आता हवामानाची आणि औषधसंशोधनाची गणितं होतात. एखादी खूण चुकली तर कधी संगणक बंद पडतो, आणि ते परवडतं, कारण चूक दिसते. पण कधी काहीच बंद पडत नाही, फक्त उत्तर चुकतं. तेही रोज नाही, केव्हातरी. अशी चूक शोधणं सर्वांत अवघड.

म्हणून ही वही उघडी असणं मला मोलाचं वाटतं. एएमडीचा लिनक्स ड्रायव्हर कुणालाही वाचता येतो. एनव्हिडियानंही मे २०२२ मध्ये आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. जुन्नरच्या कॉलेजातल्या मुलामुलींनीही तो उघडून बघावा. चार डोळ्यांनी तपासलेला उतारा केव्हाही अधिक भरवशाचा.