मानसशास्त्राला गुन्हेगारीशास्त्राची जोड
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बारावीनंतर मानसशास्त्र घ्यायचे आणि पुढे त्याला गुन्हेगारीशास्त्राची जोड द्यायची, असे म्हणणारी मुले-मुली आता प्रत्येक वर्गात भेटतात. घरी मात्र पहिला प्रश्न येतो, "चोर-दरोडेखोरांचा अभ्यास करून आमच्या मुलीला काय मिळणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तराची सुरुवात पुण्यातल्याच एका खटल्यापासून करतो.

2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप सुनावली. त्या निकालात इतर पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युत्-चाचणीचाही आधार घेतलेला होता. या चाचणीत संशयिताच्या डोक्याला विद्युत्-अग्रे लावतात आणि गुन्ह्यासंबंधीची वाक्ये एकामागून एक ऐकवतात. त्याने तोंडातून अक्षरही काढायचे नसते. स्वतः केलेली कृती आठवताना मेंदूत जे तरंग उठतात ते ऐकीव माहितीच्या वेळच्या तरंगांहून वेगळे असतात, असा या पद्धतीचा दावा. ती विकसित केली सी. आर. मुकुंदन या आपल्याच देशातील मानसशास्त्रज्ञाने. निकालाची चर्चा परदेशापर्यंत गेली आणि अनेक अभ्यासकांनी चाचणीच्या शास्त्रीयतेवर आक्षेप घेतले.

आता पाहा. पोलिसांनी तीच हकिगत दहा वेळा विचारली, तर ती ऐकून ऐकून माणसाच्या स्मृतीत काय बदल होतो? हा मानसशास्त्राचा प्रश्न. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हे संविधानाचे कलम 20(3). हा कायद्याचा प्रश्न. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात दोन्ही प्रश्न एकत्र हाताळले. संमतीवाचून नार्को, खोटे पकडण्याची चाचणी किंवा मेंदूची चाचणी करता येणार नाही, आणि संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष हाच पुरावा ठरणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. दोन्ही विषय जाणणाऱ्या माणसाची गरज कोठे पडते, ते येथे दिसते. चित्रपटातला गुप्तहेर मनातून काढून टाकावा हे बरे!

दुसरी जागा बालन्याय मंडळाची. 2015 च्या कायद्याने या मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी किमान एक स्त्री असलीच पाहिजे. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाकडून अतिगंभीर गुन्हा घडल्याचा आरोप असेल, तर कृत्य करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज मंडळाने आधी तपासायची असते. त्यासाठी अनुभवी मानसशास्त्रज्ञाची मदत घेता येते. त्या अभिप्रायावर मुलाचा खटला प्रौढांसारखा चालणार की नाही हे पुष्कळ अंशी अवलंबून राहते. तो मुलगा आपल्या मोहल्ल्यातलाही असू शकेल. त्याची भाषा, त्याचे घर, त्याची भीती ओळखणारे कोणी समोर बसलेले असावे, असे आपल्याला वाटत नाही काय? मुलीला काय मिळणार याचे उत्तर मला तरी येथे सापडते.

तुरुंगांतही काम आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून कैद्यांमध्ये काम करीत आला आहे. शिवाय 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली नेमलेले परिवीक्षा अधिकारी असतात.

मार्गाविषयी थोडे. आधी मानसशास्त्राचा पाया पक्का करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुणे विद्यापीठात हा विभाग 1950 पासून आहे. गुन्हेगारीशास्त्र पदव्युत्तर पातळीवर घेता येते. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात दोन्हींचा संगम होतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ व्हायचे असेल, तर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रमच हवा, साध्या एम.ए.वर ते होत नाही. नाव आकर्षक आणि मान्यता नाही, असे अभ्यासक्रमही बाजारात आहेत. फी भरण्यापूर्वी मान्यतेचे पत्र पाहायला मागावे, त्यात संकोच कसला? आणि गणित सुटले म्हणून कला शाखेकडे वळणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावे : मानसशास्त्रात संख्याशास्त्र असते, आणि ते पहिल्या दोन वर्षांतच गाठते.