शिक्षकाचा वर्ग आणि शिक्षकाचे घर



वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर स्वराज्य, समाजसुधारणा, वेदान्त, अर्थकारण असे मोठमोठे विषय येऊन गेले. त्यांच्या पंगतीला आज आम्ही एक लहानसा विषय आणून बसवीत आहोत. पहिली ते पाचवीच्या मुलांना शिकविणारा शिक्षक शाळा सुटल्यावर कोठे जातो, काय करतो, आणि त्याच्या घरच्या वेळेचा आपल्या मुलांच्या शिक्षणाशी काही संबंध आहे काय, हा तो विषय. आम्ही याच पेशातले. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की, आम्ही गाऱ्हाणे गाण्यासाठी आलेलो नाही, हिशेब मांडण्यासाठी आलो आहोत. हिशेबात खोट दिसली तर ती आपण खुशाल दाखवावी.

असा हिशेब मांडण्यास कोल्हापूर हे योग्य ठिकाण आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. या कायद्याखालची पहिली शाळा १९१८ साली करवीरजवळच्या चिखली गावी निघाली. हा इतिहास आपणांस पाठ आहे. पण त्याच्याही आधी, १९०१ सालापासून, महाराजांनी या शहरात निरनिराळ्या जातीजमातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढावयास आरंभ केला होता. खेड्यातून आलेल्या मुलाला नुसता शाळेचा दरवाजा उघडून भागत नाही. त्याला निजायला जागा आणि ताटात भाकरी लागते, हे त्यांनी ओळखले. म्हणजे शाळेचा प्रश्न हा घराचाही प्रश्न आहे, हा धडा विद्यार्थ्याच्या बाबतीत कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच गिरविला. तोच धडा शिक्षकाच्या बाबतीत मात्र आपण अद्याप उघडून पाहिलेला नाही.

आता हिशेबाकडे वळू. २००९ साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि किमान ८०० तास अध्यापन सांगितले आहे. सरासरी काढली तर दिवसाला चार तास झाले. त्याच परिशिष्टात शिक्षकाने आठवड्याला किमान ४५ तास काम करावे, असे म्हटले आहे, आणि त्या ४५ तासांत पूर्वतयारीचे तास धरलेले आहेत. सहा दिवसांचा आठवडा धरला तर दिवसाला साडेसात तास. चार तास वर्गात गेले, साडेतीन उरले. आमच्या शाळा प्रत्यक्षात चारांहून अधिक तास चालतात, ही गोष्ट खरी. तरीही तयारी हे कामच आहे, ती शिक्षकाची हौस नव्हे, एवढे कायद्याने मान्य केले आहे.

मग हे उरलेले तास जातात कोठे? पोषण आहाराचा तांदूळ किती आला, किती शिजला, किती मुले जेवली, हे लिहावयाचे आणि मोबाइलवरून कळवावयाचे. शासनाच्या संकेतस्थळावर प्रत्येक मुलाची माहिती भरावयाची, आणि मध्येच वीज गेली की पुन्हा भरावयाची. केंद्रशाळेत बैठक, तालुक्याला बैठक. निवडणूक आली की मतदारयाद्या. याच कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी तीन कामे वगळता शिक्षकास अन्य बिगरशैक्षणिक काम देण्यास मनाई केली आहे. पण माहिती मागविणे हे बिगरशैक्षणिक काम धरावयाचे की शैक्षणिक, याचा निवाडा माहिती मागविणाराच करतो. त्यामुळे निकाल काय लागणार, हे वेगळे सांगावयास नको.

या तीन कामांपैकी आपत्तीच्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगा आणि कृष्णा गावांत शिरल्या, तेव्हा शाळांच्या छावण्या झाल्या. शिक्षकांनी तेथे अंथरुणे घातली, याद्या केल्या, जेवणे वाढली. बुडालेल्या गावांत त्यांतील काहींची स्वतःची घरेही होती. संकटाच्या वेळी वर्ग आणि घर दोन्ही बाजूला ठेवावी लागतात, हे कोणीही समजू शकतो. प्रश्न बाकीच्या दिवसांचा आहे.

बाकीच्या दिवसांत होते असे की, तयारी शाळेत होत नाही म्हणून ती पिशवीत घालून घरी न्यावी लागते. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी किंवा चंदगडकडच्या वाडीवरची दोन शिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. पट साठपर्यंत असला तर नियमाने शिक्षक दोन. वर्ग चार किंवा पाच. एकाच खोलीत पहिलीची मुले अक्षरे गिरवितात आणि तिसरीची मुले भागाकार करतात. जोडवर्ग चालवावयाचा तर एका इयत्तेला काय सांगावयाचे आणि त्या वेळी दुसरीने काय करावयाचे, हे आदल्या दिवशीच ठरलेले असावे लागते. त्याशिवाय दैनिक टाचण, प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी आणि वह्यांची तपासणी आहेच. बाई पावसातून एस.टी.ने किंवा दुचाकीवरून घरी पोहोचतात तेव्हा दिवेलागण झालेली असते. घरी त्यांचे स्वतःचे मूल दप्तर घेऊन वाट पाहत बसलेले, सासूबाईंच्या औषधाची वेळ झालेली, आणि कणीक मळावयाची राहिलेली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत. वह्यांचा गठ्ठा उघडतो तो रात्री दहानंतर.

त्यात २०२५ साली आणखी एक गोष्ट घडली. १ सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, सेवेत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. न्यायालयाचा हेतू मुलांना चांगला शिक्षक मिळावा हा आहे, त्याविषयी आम्ही वाद घालीत नाही. पण पंचेचाळिशीच्या बाई आणि त्यांची दहावीतली मुलगी एकाच टेबलाशी एकाच दिव्याखाली अभ्यासाला बसल्या, तर त्या घरात आधी झोप कोणी घ्यावयाची, हा प्रश्न उरतोच.

"तुम्हांला सुट्ट्या किती!" असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते खोटे नाही. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी इतर नोकरदारांना नाही. पगारही आता पूर्वीच्या मास्तरासारखा तुटपुंजा राहिलेला नाही. मात्र रोज रात्रीची अपुरी झोप मे महिन्यात एकदम भरून निघत नाही. विहिरीला जूनमध्ये पाणी येणार आहे, म्हणून माणसाला एप्रिलची तहान चुकत नाही.

यात नुकसान कोणाचे होते, ते एका उदाहरणाने सांगतो. तिसरीतल्या मुलाने ४२ मधून १७ वजा केले आणि उत्तर लिहिले ३५. ताज्या डोक्याची बाई क्षणभर थांबते. हे ३५ आले कोठून? तिच्या ध्यानात येते की, दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन काढून पाच लिहिले आणि चारातून एक काढून तीन. म्हणजे मुलाला वजाबाकी येते. दशक सुटा करावयाचा असतो, एवढेच त्याला उमगलेले नाही. दुसऱ्या दिवशी ती काड्यांचा गठ्ठा सोडून दाखविते आणि पाच मिनिटांत काम होते. रात्री साडेअकराला डोळे मिटत असलेली बाई त्याच उत्तरावर लाल फुली मारते आणि पान उलटते. फुली काही चूक नसते. पण त्या मुलाला गणित येत नाही, असे त्याला स्वतःला वाटू लागते ते तेथून. दोन्ही बाई एकच आहेत. त्यांच्यामध्ये फरक आहे तो दोन तासांच्या विश्रांतीचा. याच शहरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढून मुलांच्या आनंददायी शिक्षणाचा आग्रह धरला. मुलांना आनंद द्यावयाचा तर तो देणाऱ्या माणसाजवळ काही शिल्लक असावा लागतो.

येथे आम्हांला एका लाडक्या समजुतीविरुद्ध बोलावे लागत आहे. चांगला शिक्षक म्हणजे घरदार विसरून शाळेला वाहून घेतलेली त्यागमूर्ती, ही ती समजूत. निरोपसमारंभात आपण हमखास म्हणतो, "बाईंनी घराकडे कधी पाहिले नाही." आणि टाळ्या वाजतात. अनुताई वाघांसारखी माणसे झाली, हे खरे. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांच्या कार्यात सामील झाल्या आणि त्यांनी उभे आयुष्य तेथे आणि कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी वेचले. त्यांना आमचे शतशः वंदन. परंतु गावोगावच्या शाळा अनुताईंच्या बळावर चालत नाहीत. त्या संसार असलेल्या साध्या माणसांच्या बळावर चालतात. ज्याने स्वतःच्या मुलाच्या तापात रात्र काढली आहे, त्याला वर्गात मान टाकून बसलेल्या मुलाचा चेहरा वाचता येतो. ज्याला घरी पुस्तक वाचावयास अवकाश मिळतो, त्याच्या गोष्टीला वर्गात रंग चढतो. घर हे वर्गाचे वैरी नाही, ती वर्गाची शिदोरी आहे.

खुद्द सावित्रीबाई फुल्यांच्या पत्रांत याची खूण सापडते. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात १८५६ सालचे एक पत्र आहे. आजारी पडल्यामुळे त्या माहेरी नायगावला गेल्या होत्या आणि तेथून त्यांनी जोतीरावांना लिहिले. प्रकृती सुधारत असल्याचे कळवून त्या म्हणतात की, आपल्या गैरहजेरीत फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. १८४८ साली ज्यांनी मुलींना शिकविण्याचे व्रत घेतले, शेणमातीचा मारा सोसला, त्या सावित्रीबाईंनाही आजारपण होते, माहेर होते, विश्रांतीची गरज होती. त्यांनी ती लपविली नाही, आणि आपला भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो आहे, याची जाणीवही ठेवली. शाळा टिकते ती अशी, एकमेकांचा भार वाटून घेऊन. फातिमेचे नाव आपण आदराने घेतो, पण आज फातिमेची जागा कोणी घ्यावयाची, याचा विचार करीत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून शासकीय महिला कर्मचाऱ्यांस संपूर्ण सेवेत १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली, जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांसही मिळू लागली, हे उत्तम झाले. पण दोन शिक्षकी शाळेत एक बाई रजेवर गेल्या की पाचही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. मग रजा मागणारीलाच अपराध्यासारखे वाटते आणि हक्काची रजा कागदावर राहते.

येथपर्यंत हिशेब झाला. आता मागणे. ते सरकारकडे थोडे आणि आपल्याकडे अधिक आहे.

पहिले मागणे गावाकडे. कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. ही समिती पुष्कळदा सह्यांपुरती उरते. पालकांनी आळीपाळीने येऊन तांदूळ मोजून घेतला, पंगतीवर उभे राहिले, तर जबाबदारी मुख्याध्यापकाची राहूनही शिक्षकाचा रोजचा अर्धा तास वाचेल. दुसरे मागणे पालकांकडे. रात्री सातनंतर, मूल आजारी किंवा हरवलेले नसेल तर, शिक्षकाला फोन करू नये. उद्याच्या स्वाध्यायाची चौकशी उद्या केली तरी चालते. तिसरे आपल्या लोकप्रतिनिधींकडे. शाळेच्याच वेळात तयारीसाठी रोज एक अखंड तास मिळावा, त्या तासात माहिती मागवू नये, आणि रजेच्या जागी बदली शिक्षक मिळावा. हा प्रश्न आपण मते मागावयास येणाऱ्याला विचारावा. रस्ता आणि गटार यांच्याबद्दल विचारतो, तसाच. चौथे मागणे शिक्षिकांच्या घरच्या पुरुषांकडे. ते फार लांबवीत नाही. भाकरी थापता आली नाही तरी कुकर लावता येतो.

आणि शेवटचे मागणे आमचे आमच्याकडेच. हा वेळ आम्ही मागतो तो वर्गासाठी आणि घरासाठी. कायद्याचे २८ वे कलम शिक्षकास खासगी शिकवणी करण्यास मनाई करते. जो उरलेला वेळ शिकवण्यांत, विम्यात आणि भूखंडांच्या व्यवहारांत घालवितो, त्याच्या वतीने आम्ही येथे एक शब्दही बोललेलो नाही. सवलत मागणाऱ्याने आपले माप आधी चोख ठेवावे.

शाहू महाराजांनी सक्ती केली, तेव्हा पालकाकडून त्याच्या मुलाचा वेळ मागितला आणि तो गुरुजींच्या स्वाधीन केला. तो वेळ सत्कारणी लागावयाचा, तर गुरुजींचा आणि बाईंचा वेळही कोणीतरी सांभाळला पाहिजे. पुढच्या महिन्यात शाळा भरतील. आपापल्या गल्लीतल्या, गावातल्या शाळेच्या समितीची पहिली बैठक कधी आहे, एवढे विचारून ठेवा आणि त्या बैठकीला जा.