लाइनीच्या आत, लाइनीच्या बाहेर

'लाइन' हा शब्द इंग्रजी आहे असे आमच्या घणसोली गावात सांगितले, तर कुणाचा चटकन विश्वास बसणार नाही. पाण्याची लाइन फुटली, रेशनला लाइन आहे, फोनची लाइन लागत नाही, पोरगा कुठल्या लाइनीत आहे, मध्ये बिघडला होता पण आता लाइनीवर आला. एका सकाळी एवढ्या लाइनी कानावर पडतात. कोपऱ्यावरची तरुण मंडळी जी लाइन मारतात, तिच्याविषयी या वयात मी न बोललेलेच बरे!

मराठीत या प्रत्येकीला वेगळा शब्द होता. दुकानापुढे रांग, वहीत ओळ, भिंतीवर रेघ, भूमितीत रेषा, पोटापाण्याला पेशा. या सगळ्यांचे काम एकटीने बळकावले म्हणून भाषाप्रेमी तिच्यावर रागावतात. मला तितका राग येत नाही. इंग्रजीत ज्या शब्दाला लिंगच नाही त्याला आपण रेघ, ओळ, रांग यांच्या पंगतीत बसवून स्त्रीलिंगी केले. लाइनीला, लाइनीत अशी रूपे चालवली. सून घरात रुळावी तशी ती रुळली. पण सगळीकडे सारखी नाही. विदर्भात वीज गेली की 'लाइन गेली' म्हणतात. आमच्याकडे 'लाईट' जाते.

या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'लिनुम' म्हणजे जवस. ज्याची आपण चटणी करतो, तेच. त्याच्या खोडापासून धागा निघतो. त्या धाग्यावरून लाइन आली आणि लिननचे कापडही त्याच घरातले. धागा ताणला की सरळ रेघ मिळते, एवढी साधी गोष्ट. आपल्याकडे 'सूत्र' हा शब्द असाच सुतापासून निघून गणितापर्यंत आणि सूत्रसंचालकापर्यंत पोचला. आमचे गवंडी वीट सरळ रचायला जी दोरी बांधतात तिला 'लाइनदोरी' म्हणतात. मूळ अर्थ पाहिला तर 'दोरीदोरी' झाले. पण गवंड्याचे काम अडत नाही.

घणसोलीत नुसते 'लाइन' म्हटले की मात्र रेल्वे. ठाणे-वाशी गाडी 2004 साली सुरू झाली आणि ट्रान्स-हार्बर हे लांबलचक नाव पाटीवरच राहिले. गाव रुळांच्या पश्चिमेला, खाडीच्या बाजूला. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता आणि कारखाने. 'लाइनीच्या पलीकडे गेलाय' याचा अर्थ बहुधा कामावर गेलाय.

आणखी एक लाइन आहे. ती रुळासारखी डोळ्यांना दिसत नाही. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी 95 गावांची जमीन घ्यायचे ठरले. शेते गेली, मिठागरे गेली, गावठाणे राहिली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जणांचे बळी गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. गावठाणाच्या हद्दीची लाइन मात्र वाढत्या कुटुंबांबरोबर सरकली नाही. ती ठरवण्याचा अधिकार 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला आहे. पण पोरांची लग्ने जिल्हाधिकाऱ्यांसाठी थांबत नाहीत. दोन भावांचे चार संसार झाले, घरे पुढे सरकली. लाइनीच्या आत असेल ते घर, बाहेर असेल ते अनधिकृत बांधकाम. वीट तीच, गवंडी तोच.

नकाशावरच्या रेघेलाही जाडी असते. एकास पाच हजार प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली, तर जमिनीवर ती अडीच मीटर रुंद होते. म्हणजे एक स्वयंपाकघर तिच्यात मावते. आमच्या आळीतली एक म्हातारी आपले स्वयंपाकघर आत की बाहेर, हे विचारायला एका कार्यालयात गेली होती. खिडकीमागच्या माणसाने मान वर न करताच सांगितले, "आजी, आधी लाइनीत या."