पेठेचा रस्ता कोणासाठी?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्त झाला, इतिहास झाला, राजकारण तर नित्यच झाले. आज आम्ही मात्र येथे येताना आपण सर्वांनी तुडवला, त्या बाजारातल्या रस्त्याविषयी बोलणार आहो. विषय साधा दिसतो. पण त्यावर कित्येक कुटुंबांची पोटे अवलंबून आहेत.

कोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण. साताऱ्याहून पुसेगाव, म्हसवडकडे आणि पुढे पंढरपुराकडे जाणारा रस्ता आपल्या गावावरून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज लोहमार्ग झाला व गावाला स्टेशन मिळाले. आसपासच्या शिवारातला माल गावात यावा आणि गावातला बाजारहाट खेड्यांत जावा, ह्या देवघेवीवर आपली पेठ वाढली. ज्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो ह्याच तालुक्याच्या मातीतला.

परंतु एकाच रस्त्याला आपण दोन चाकऱ्या सांगितल्या आहेत. त्याने परगावची वाहने झपाट्याने पुढे न्यावीत, आणि त्यानेच म्हातारीला निवांतपणे मेथीची जुडी निवडू द्यावी! गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या निघाल्या म्हणजे ह्या दोन चाकऱ्यांचे भांडण कोणालाही दिसते. मग एकच उपाय सुचतो : रस्ता रुंद करा, आड येईल ते पाडा. हा उपाय पुरता विचार करून सुचवला जातो काय, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.

आपल्याकडे पेठ वसवण्याची जुनी रीत आठवून पाहा. राज्यकर्ता जागा देई, व्यापाऱ्यांना कौल देई, काही वर्षे कर माफ करी. का? तर माणसे आल्यावाचून पेठ होत नाही, हे त्याला ठाऊक होते. रस्ता हा दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यासाठी असे. आज आपण नकाशावर प्रथम रस्ता ओढतो, आणि माणसे त्याच्या आड आली असे म्हणतो.

ह्याच प्रश्नावर एका परदेशी पंडिताने आपल्या देशात येऊन केलेले काम ध्यानात घेण्याजोगे आहे. पॅट्रिक गेडेस हे स्कॉटलंडचे नगररचनाकार १९१४ साली हिंदुस्थानात आले; पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. जुन्या वस्तीतून सरळ रेघेत रस्ता काढण्याला त्यांचा विरोध असे. मोडकळीला आलेले एखादे घर काढावे, तेथे झाड लावावे, गल्ली मोकळी करावी, बाकीची वस्ती राखावी, असे ते सांगत. होळकरांच्या इंदुरात प्लेगची भीती होती. तेथे त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली, आणि ज्या रस्त्यांवरची घरे अधिक स्वच्छ व दुरुस्त असतील त्या रस्त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले. लोक आपण होऊन कामाला लागले! त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल १९१८ साली निघाला. नगररचनेत रहिवाशाला भागीदार करावे लागते, हे त्यातले मर्म.

अलीकडचे उदाहरण पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे. तेथे २०१६ पासून पदपथ रुंद केले. बसायला बाके ठेवली. गर्दीच्या शहराने चालणाऱ्याला जागा दिली. मग आपल्या गावात, जेथे बाजारकऱ्यांची एवढी वर्दळ, तेथे पदपथाचा विचार शेवटी का यावा?

आता मुख्य मुद्दा. समजा, आठ फूट खोल दुकान आहे आणि रुंदीकरणात त्यातले पाच फूट जातात. उरलेल्या तीन फुटांत कोणता धंदा होईल? जमीन घेतल्याबद्दल १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे रोख मोबदला अथवा वाढीव बांधकामाचा हक्क मिळू शकतो. पण हा बांधकामाचा हक्क जातो जमिनीच्या मालकाकडे. वीस-तीस वर्षे भाड्याने दुकान चालवणारा शिंपी किंवा भांडेवाला त्याचे काय करणार? त्याची गिऱ्हाइकी मोजण्याचे माप कोणत्याही नकाशात नाही.

रस्त्याकडेला पाटी घेऊन बसणाऱ्या बाईला तर मालमत्तेचा कागदही नाही. तिच्यासाठी २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. आधी सर्वेक्षण करावे, ते पुरे होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवू नये, असे तो सांगतो. विक्रीसंबंधीच्या नगर समितीत निदान चाळीस टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांचेच असावेत, हीही त्यातली अट. कायदा आहे, तो मागणारा हवा.

रस्ता आहे तसाच राहावा, असे मात्र आम्ही म्हणत नाही. दुकानापुढच्या पायऱ्या आणि पत्रे गटारावर आले, दारात मालकाचीच मोटारसायकल दिवसभर उभी राहिली, तर गिऱ्हाइकाने चालावे कोठून? व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने आपला बाजार अडवला, तर दोष केवळ नगरपंचायतीला देता येणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे चार गोष्टींत सांगतो. गावात काम नसलेल्या जड वाहनाला गावाबाहेरून वाट असावी. माल उतरवण्याची वेळ सकाळची ठरवावी. गटार, नळ व विजेच्या तारा यांची कामे एकदाच, एका वेळी करावीत. नाहीतर आज केलेला रस्ता उद्या पुन्हा खणला जातो. आणि दुकान पाडायचेच असेल, तर भाडेकरूची पर्यायी जागा आधी तयार असावी.

विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते, तेव्हा नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. बहुतेकांना त्याची वार्ता लागते ती दारावर लाल खूण उमटल्यावर. त्या वेळी ओरड करण्यापेक्षा दहा-वीस जणांनी आधीच टेप घेऊन रस्ता मोजावा, दुकाने आणि पाट्या मोजाव्यात, आणि ती यादी हातात घेऊन कचेरीची पायरी चढावी. मोजलेल्या गोष्टीला कचेरीत उत्तर द्यावे लागते.

पेठ ही पूर्वजांनी आपल्याला चालती दिली. ती रुंद असो वा अरुंद, पुढच्या पिढीच्या हाती ती चालतीच जावी, इतकीच आमची विनंती.