लंडनाहून नाशिकास



परदेशी राहून आलेले आपले तरुण प्रथम नाशिकास नावे ठेवितात. गोदेचे पाणी गढूळ, रस्त्यांत गर्दी! हे खोटे नाही. आम्ही वाद घालीत नाही. त्यांस आम्ही त्र्यंबकच्या धुंडिराज गोविंद फाळक्यांची हकीकत सांगतो.

१९१३ साली मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' दाखविल्यावर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकास आणिला. १९१४ साली ते आपले चित्रपट घेऊन लंडनास गेले. तेथील जाणत्यांस ते आवडले, आणि तेथेच राहून चित्रपट करावेत असे त्यांस सुचविण्यात आले. पैसा मुबलक होता. फाळक्यांनी नकार दिला. त्यांची माणसे नाशिकात होती. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, भांडवलवाल्यांनी हात आखडता घेतला. तरी १९१७ चा 'लंकादहन' निघालाच.

पुढे भागीदारांशी बिनसले तेव्हा रागावून ते काशीस जाऊन राहिले खरे, (प्रेमातही रुसवा असतोच!) पण परतले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच त्यांनी देह ठेविला.

सुटीत मुले येतील तेव्हा पांडवलेण्यांच्या पायथ्याचे फाळके स्मारक त्यांस अवश्य दाखवावे, एवढी आमची विनंती.