पेट्रोल गळतें कोठून?

इंग्लंडांत हिंवाळा सरला आणि रस्त्यांवरील बर्फ वितळावें म्हणून टाकलेलें मीठ पावसानें धुऊन गेलें, कीं तेथील जुन्या मोटारींचे शौकीन आपापल्या गॅरेजांचीं दारें उघडूं लागतात. मिठानें पत्रा गंजतो, म्हणून चार महिने गाडी झांकून ठेवलेली असते. बॅटरी भरून घ्यावी, चाकांत हवा घालावी आणि पहिल्याच रविवारीं दूरवर फेरफटका करून यावा, असा बेत असतो. किल्ली फिरते, इंजिन सुरू होतें, आणि पांच मिनिटांतच पेट्रोलचा उग्र वास येऊं लागतो. बॉनेट उघडून पाहावें तों कार्ब्युरेटरच्या तळाशीं ओल दिसते व तिच्यांतून एकेक थेंब खालीं पडत असतो.

अशा वेळीं माणूस बहुधा पाना उचलतो आणि हातीं लागेल ती चाकी आंवळीत सुटतो. गळती थांबत नाहीं. उलट एक ठिकाण गळत होतें, त्याच्या जोडीला दुसरें गळूं लागतें. याचें कारण साधें आहे. जेथें थेंब दिसतो तेथेंच दोष असतो असें नाहीं; आणि पेट्रोल कोठून येतें याचा निकाल लागण्यापूर्वीं दुरुस्तीस हात घालणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय.

उदाहरणासाठीं एम्. जी. बी. ही गाडी घेणें सोयीचें आहे. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत ही छोटी स्पोर्ट्स मोटार तयार होत होती. पांच लाखांहून अधिक गाड्या कारखान्याबाहेर पडल्या, म्हणून जुन्या मोटारींच्या छंदांत आजहि तीच वारंवार दृष्टीस पडते. इंजिन चार सिलिंडरांचें, १७९८ घनसेंटिमीटरांचें. आणि आरंभींच्या वर्षांतील गाड्यांवर एस्. यू. बनावटीचे, एच्. एस्. ४ जातीचे दोन कार्ब्युरेटर शेजारीं शेजारीं बसविलेले. या इंजिनांत पेट्रोलमिश्रित हवा आंत घेण्याच्या व धूर बाहेर टाकण्याच्या वाटा एकाच बाजूस आहेत. त्यामुळें दोन्ही कार्ब्युरेटर धुराच्या तापलेल्या नळ्यांच्या वरच्या अंगास येतात. मध्यें पत्र्याचा एक आडपडदा तेवढा असतो. गळणाऱ्या थेंबाकडे दुर्लक्ष कां करूं नये, हें एवढ्यावरूनच ध्यानांत येईल. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें बंद गॅरेजांत ती जमिनीलगत पसरून राहते, आणि तिला एक ठिणगी पुरते.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाहीं. पेट्रोल बाहेर न पडतां आंत सिलिंडरांत उतरलें, तर तें भिंतींवरील तेल धुऊन टाकतें व तळच्या तेलांत मिसळून तें पातळ करतें. असें तेल बेअरिंगांचें रक्षण करूं शकत नाहीं. म्हणून तेल मोजण्याची कांडी काढून हुंगावी; तिला पेट्रोलचा वास असेल, तर तेल बदलल्यावांचून इंजिन चालवूं नये.

एस्. यू. हें नांव ‘स्किनर युनियन’ या शब्दांवरून आलें. जॉर्ज हर्बर्ट स्किनर हे पादत्राणांच्या व्यापारांतील एका घराण्यांतले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांनीं व त्यांच्या बंधूंनीं हा कार्ब्युरेटर सिद्ध केला, तेव्हां त्यांतील वरखालीं होणारा भाग म्हणजे चक्क चामड्याचा भाता होता! पुढें भात्याच्या जागीं धातूचा पिस्टन आला, आणि १९२६ सालीं विल्यम मॉरिस यांनीं ती कंपनी विकत घेतली. परंतु मूळ कल्पना पुढें अनेक दशकें कायम राहिली.

कार्ब्युरेटरच्या बाजूस एक लहान भांडें असतें. त्यास फ्लोट-चेंबर म्हणतात. गच्चीवरील पाण्याच्या टाकींत जसा तरंगता गोळा असतो आणि टाकी भरतांच तो नळ बंद करतो, तीच योजना या भांड्यांत आहे. गाडीच्या मागच्या टाकींतील पेट्रोल विजेवर चालणारा पंप पुढें ढकलतो. भांडें भरूं लागतें तसा फ्लोट उचलला जातो, आणि झांकणांतील एका टोंकदार सुईस तिच्या बैठकींत दाबून तो पेट्रोलची वाट बंद करतो. भांड्यांतील पातळी अशी बेतलेली असते, कीं इंजिनांत पेट्रोल सोडणाऱ्या जेटच्या तोंडाच्या किंचित् खालीं ती थांबावी. ही सुई या व्यवस्थेचा एकुलता एक पहारेकरी होय. तिनें वाट सोडली, कीं जादा पेट्रोल झांकणाजवळच्या वाहत्या नळीनें बाहेर पडतें, किंवा जेटवाटे इंजिनांत शिरतें.

यावरून गळतीचे दोन वर्ग पडतात, आणि सारें निदान या भेदावर उभें आहे. पहिली उतू जाण्याची गळती: भांड्यांत मावणार नाहीं इतकें पेट्रोल येतें व वरून वाहतें. दुसरी झिरपण्याची: पातळी बरोबर असते, पण तळचा एखादा सांधा पेट्रोल धरून ठेवीत नाहीं. दोन्हींचा थेंब अखेर खालींच पडतो. म्हणून घाईनें पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच वाटतात.

परीक्षा पुढीलप्रमाणें करावी. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें व गाडी ढकलून उघड्यावर आणावी. जवळपास विस्तव किंवा सिगारेट नसावी, आणि आग विझविण्याचें यंत्र हाताशीं असावें. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतणें घातक असतें. कार्ब्युरेटर व त्याच्या नळ्या कोरड्या फडक्यानें पुसून घ्याव्या, आणि प्रत्येकाखालीं एक स्वच्छ पांढरा कागद ठेवावा. मग इंजिन सुरू न करतां नुसती किल्ली फिरवावी. गाडीच्या मागील अंगास असलेला एस्. यू. पंप बोलका आहे. तो प्रथम भराभर टक् टक् वाजतो, भांडीं भरत आलीं कीं मंदावतो, आणि शेवटीं गप्प बसतो. इंजिन बंद असतांहि तो वाजतच राहिला, तर पेट्रोल कोठेंतरी जात आहे हें निश्चित. कागद कोरडा असून बऱ्याच वेळानें एखादाच टोला पडत असेल, तर तें पंपाच्या झडपेंतून टाकीकडे परत फिरत असण्याचा संभव असतो. मात्र किल्ली एकदोन मिनिटांहून अधिक वेळ तशी ठेवूं नये, कारण इग्निशनची कॉइल तापते.

आतां कागदाकडे व नळ्यांकडे पाहावें. वाहती नळी ओली झाली, तर पेट्रोल उतू जात आहे. हवेची गाळणी काढून आंत डोकावल्यावर पिस्टनच्या खालीं, जेटच्या तोंडाशीं पेट्रोल चमकत असेल, तर तेंहि उतू जाणेंच. या दोन्ही जागा कोरड्या आणि केवळ तळ ओला असेल, तर तें झिरपणें समजावें. एवढा निर्णय झाल्यावरच पान्यास हात लावावा, आणि तोहि बॅटरीची जमिनीकडील तार सोडवून ठेवल्यावर.

उतू जाण्याचें सर्वांत सामान्य कारण म्हणजे कचरा. गंजलेल्या टाकींतला कण किंवा कुजलेल्या रबरी नळीचा तुकडा सुई व बैठक यांमध्यें अडकतो, आणि पहारेकऱ्याचें दार अर्धवट उघडें राहतें. झांकणावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनें हलकेच टिचकी मारली असतां गळती थांबली, तर कण सुटला असें समजावें. पण एवढ्यावर समाधान मानूं नये, कारण त्याचे भाऊबंद टाकींत शिल्लक असतात. झांकणाचे तीन स्क्रू काढून तें उलटें धरावें. फ्लोटच्या केवळ वजनानें सुई बंद झाली असतां पेट्रोलच्या वाटेनें फुंकर मारून पाहावी. हवा जाऊं नये. सुईच्या टोंकाभोवतीं झिजेची रेघ उमटली असेल, तर सुई व बैठक ही जोडी एकदमच बदलावी. जुन्या बैठकींत नवी सुई क्वचितच नीट बसते.

मग फ्लोट कानाशीं धरून हलवावा. आंत द्रव डुचमळल्याचा आवाज आला, तर तो फुटका आहे. तो तरंगण्याऐवजीं बुडतो व सुईस वर दाबूंच शकत नाहीं. प्लास्टिकचा फ्लोट असेल तर नवा घालावा हेंच उत्तम. अखेरीस पातळी पाहावी. झांकण उलटें असतां फ्लोटचा दांडा आणि झांकणाची कड यांमधील अंतर ३ ते ५ मिलिमीटरांच्या दरम्यान असावें. ३ मिलिमीटर जाडीच्या ड्रिलचा दांडा मध्यें सरकवून तें सहज मोजतां येतें. धातूचा दांडा असेल, तर तो अगदीं हलक्या हातानें वांकवून हें अंतर जुळवावें.

दोन कार्ब्युरेटर असणें ही येथें अडचण नसून मोठीच सोय आहे. एकच गळत असेल, तर दोष त्याच्या स्वतःच्या भांड्यांत शोधावा. संशय राहिला, तर दोघांच्या सुया बैठकींसह परस्पर बदलून पाहाव्या. गळती सुईबरोबर दुसऱ्या बाजूस गेली, तर अपराधी सांपडला. उलट दोन्ही एकाच वेळीं उतू जाऊं लागले, तर कारण दोघांच्याहि मागें, सामाईक वाटेवर असतें: टाकींतला कचरा, नाहीं तर पंप. मूळ पंपाचा दाब चौरस इंचास सुमारें ३ पौंडच असतो. तो बिघडल्यावर एखाद्यानें अधिक जोराचा पंप बसविला, तर नवी कोरी सुईहि त्या रेट्यापुढें टिकत नाहीं. अशा गाडीच्या मालकानें कितीहि सुया बदलल्या, तरी त्याचा खर्च व श्रम फुकट जातात.

झिरपण्याची गोष्ट निराळी. एच्. एस्. ४ जातींत भांड्याच्या तळापासून जेटपर्यंत एक लवचिक नायलॉनची नळी जाते. ती भांड्यास मिळते तेथें रबराचें एक लहान कडें व त्यावर चाकी असते. कडें जुनें होऊन कडक झालें, कीं सांधा पाझरतो. चाकी आंवळल्यानें तें अधिकच चेंगरतें. योग्य उपाय म्हणजे नवें कडें घालणें, आणि नळीचें टोंक त्याच्या पुढें निदान ५ मिलिमीटर तरी निघेल अशी काळजी घेणें. नळीलाच बारीक चीर असेल, तर जेट नळीसह बदलावा लागतो. याहून जुन्या गाड्यांत, उदाहरणार्थ १९४५ ते १९४९ या काळांतील एम्. जी. टी. सी. मध्यें, जेटभोवतीं बुचाचीं कडीं असत. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, कीं बूच वाळून आकसतें आणि जेटच्या तळाशीं थेंब जमूं लागतो. नवें बूच तेलांत भिजवून मगच बसवावें, असा जुन्या कारागिरांचा परिपाठ आहे.

या जुन्या दोषांना अलीकडे एक नवें कारण येऊन मिळालें आहे. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्यें १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. पूर्वीं ही मर्यादा ५ टक्के होती. भारतांत तर २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचें पेट्रोल विक्रीस आलें. जुन्या काळचें रबर अशा मिश्रणासाठीं बनविलेलें नव्हतें. तें फुगतें, मऊ पडतें किंवा तडकतें. शिवाय इथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेतें, त्यामुळें टाकी आंतून गंजते आणि सुईखालीं अडकणाऱ्या कणांचा पुरवठा चालूं राहतो. म्हणून मुंबई-पुण्याकडे जे कोणी अशा जुन्या गाड्या जतन करून आहेत, त्यांनींहि पेट्रोलच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घ्याव्या, वाटेंत एक गाळणी बसवावी, आणि गाडी दीर्घकाळ उभी करावयाची असल्यास भांडीं रिकामीं करून ठेवावीं.

दुरुस्ती झाली म्हणजे सर्व कांहीं पुन्हा कोरडें पुसावें, बॅटरीची तार जोडावी, नवे पांढरे कागद ठेवावे, आणि किल्ली फिरवून पंपाकडे कान द्यावा. तो भराभर वाजला, मंदावला आणि गप्प बसला, तर किल्ली बंद करून पाव तास वाट पाहावी. मग कागद उचलून उजेडांत धरावे. त्यांवर एकहि डाग नसेल, तरच इंजिन सुरू करावें. आणि पहिल्या फेरफटक्याहून परतल्यावर गाडी गॅरेजांत घेण्यापूर्वीं, इंजिन थंड झालें म्हणजे तेच कागद पुन्हा एकदां कार्ब्युरेटरखालीं ठेवून पाहावे.